बोललेल्या पैशांच्या पावत्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यातही धाकटी बहीण आजारी पडली की मला घरी ठेवायचे. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत लिहिते आहे आणि वही गव्हाच्या कोठीमागं ठेवणार आहे. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर चुका पदरात घ्याव्यात.

मला माणसांसमोर बोलायची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की घसा कोरडा पडतो, कानशिलं तापतात, आणि मग तोंडात येईल ते मी बोलून टाकते, ते बघणं एकदाचं थांबावं म्हणून. ह्या सवयीनं पाच बायकांवर चोरीचा आळ आणला. ते कसं झालं ते लिहून काढायचं आहे.

आमची संस्था देवस्थानाची आहे. पुढं मंदिर, मागं अन्नछत्र. शहरातल्या सरकारी दवाखान्यात कन्नडहून, पैठणहून, कुठून कुठून पेशंट येतात. त्यांच्यासोबतच्या माणसांना आमच्याकडं दोन वेळचं जेवण फुकट मिळतं. मी आधी तिथं पोळ्या लाटायला होते. मग पेटी फिरवणाऱ्या बाईंचा पाय मोडला आणि त्यांच्या जागी मला पाठवलं. पेटी म्हणजे कुलूप लावलेला पत्र्याचा डबा, वर नोट जाईल एवढी फट. किल्ली ऑफिसात. दारात जायचं, संस्थेचं नाव सांगायचं, लोक फटीतून पैसे टाकायचे. जास्त बोलावं लागायचं नाही. सात वर्षं मी सिडकोत आणि गारखेड्यात ती पेटी फिरवली, आणि माझी पेटी सगळ्यांत जड यायची. एक बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तू मागत नाहीस, नुसती उभी राहतेस. तुला नाही म्हणायला मलाच लाज वाटते."

दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो.

"बाई, आता पेटी बंद. पावती पुस्तकं आलीत. पाच नव्या बायका घेतल्यात, त्यांना तुम्ही तयार करायचं."

"मी?"

"मग कोण, मी? सगळ्यांत जास्त देणगी तुमची. घाबरता काय, वाघ आहेत का त्या?"

मला न्हाई जमायचं काका, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी "बरं" म्हणाले.

हिशेब बघणाऱ्या मॅडमनी मला पावती पुस्तक दाखवलं. एका पावतीची तीन पानं, मध्ये कार्बन. पांढरं पान देणाऱ्याला, पिवळं ऑफिसला, गुलाबी पुस्तकात राहणार. नाव, पत्ता, रक्कम अक्षरी, सही. त्यांचा फोन सारखा वाजत होता. "समजलं ना मावशी?" त्या म्हणाल्या आणि मी मान हलवली. मी जन्मात एकही पावती फाडली नव्हती. तेवढंच सांगायला हवं होतं, पण त्यांच्या कानाला फोन होता आणि मला तेवढं निमित्त पुरलं.

सकाळची आरती झाली की सभामंडपात आम्ही सहा जणी बसायचो. पाचही मला मावशी म्हणायच्या. त्यांतली एक लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं यायची. वय पंचविशीचं, नवऱ्यानं सोडलेली, माहेरी राहणारी. एक पैठणच्या, माझ्याच वयाच्या, अंगानं भरलेल्या आणि तोंडानं मोकळ्या. बाकीच्या तिघी शहरातल्याच, कमी बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्या पाची वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसल्या. मी उठून पाणी प्यायले, परत बसले, परत उठले.

पैठणच्या म्हणाल्या, "मावशी, तुमाला शिकवायचंय का पळायचंय?"

त्या हसल्या म्हणून मला बोलता आलं. मला जे हातानं येत होतं ते मी सांगितलं. चप्पल उंबऱ्याच्या अलीकडं काढायची. बेल एकदाच वाजवायची. दार उघडलं की दोन पावलं मागं सरायचं, म्हणजे आतल्या बाईला भीती वाटत नाही. घरात डोकावायचं नाही. लहान मुलानं दार उघडलं तर त्याच्या हातून पैसे घ्यायचे नाहीत, आईला बोलवायचं. आणि "द्या" हा शब्द काढायचा नाही. काकांनी शिकवलेलं विचारायचं, "आज तुमच्याकडून किती ताटं लिहू?" एका ताटाचे चाळीस रुपये.

सभामंडपाचा खांब आम्ही दार धरला होता. पैठणच्या त्याच्यामागं उभ्या राहून दार किलकिलं केल्यासारखं करायच्या आणि नाकात बोलायच्या, "आमचे साहेब घरी नाहीत. उद्या या."

लासूरची म्हणायची, "ताई, ताट तुमी वाढता का साहेब वाढतात?"

"अगं बाई, ही तर भांडायलाच आली. मावशी, हिला हाकला."

मीसुद्धा हसायचे. दोन दिवस मला वाटलं, हे आपल्याला जमतंय. तिसऱ्या दिवशी लासूरचीनं पेन खाली ठेवून विचारलं, "मावशी, समजा एखादी म्हणली, माझी पाच ताटं लिव्ह, पैशे पगार झाल्यावर देते. मग काय करायचं?"

मला माहीत नव्हतं. पेटीत नोट पडली तर पडली, नाहीतर नाही, पेटीला उधारी नसते. पाची माझ्याकडं बघत होत्या, पेनं उचललेली. उद्या मॅडमना विचारून सांगते, एवढं म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण तोंडात आलं ते बोलून टाकलं, "बोललं की लिहायचं, पावती फाडून द्यायची. पैसे मागून जाऊन आणायचे. देवाचं बोललेलं कुणी बुडवत न्हाई."

पाचींनी ते वहीत लिहून घेतलं.

हे मी हवेतून काढलं नव्हतं. कन्नडकडं आमच्या गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की माणसं मंडपात उठून आकडा बोलायची. माझे पाचशे एक. माझा एक कट्टा गहू. माझे वडील वही घेऊन बसायचे आणि बोललेलं तिथंच लिहून घ्यायचे. त्या वेळी कुणाच्या खिशात काही नसायचं. कापूस गेला की माणसं आपणहून आणून द्यायची, आणि वडील नावापुढं बरोबरची खूण करायचे. लिहिलं म्हणजे दिलं, असंच आम्ही गावात धरत होतो. त्या वहीत आणि तीन पानांच्या पुस्तकात काय फरक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

पाची जणी कामाला लागल्या. रोजची रोख पाकिटात घालून ऑफिसच्या खिडकीत द्यायची, आणि पुस्तक भरलं की पुस्तक द्यायचं, अशी पद्धत होती. पुस्तकं भराभर भरत होती. काका खूश होते. दोन महिन्यांनी एका शुक्रवारी त्यांनी आम्हा सहाही जणींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर पुस्तकांची चळत होती आणि मॅडम कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या होत्या.

काका म्हणाले, "पावत्या फाटल्यात एक्क्याण्णव हजार चारशेच्या. रोख आली चोपन्न हजार तीनशे. सदतीस हजार शंभर रुपये कुठं गेले?"

त्यांनी पुस्तकांच्या चळतीवर हात ठेवला.

"एकीच्या पुस्तकात असतं तर चूक म्हटलं असतं. पाचींच्या पुस्तकांत आहे. म्हणजे ठरवून केलंय."

पैठणच्या म्हणाल्या, "काका, रुपाया खाल्ला असंल तर हात झडतील आमचे. लोकं देणार हायेत ते पैशे. मावशींनीच सांगितलं होतं, बोललं की लिव्हा म्हणून."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मॅडमनी बघितलं. पाचींनी बघितलं.

"बाई, असं शिकवलंत तुम्ही?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली.

"मावशी!" लासूरची म्हणाली, एवढंच. काका तिच्यावर ओरडले, "चोर तुम्ही, आणि गरीब बाईवर ढकलता? सोमवारपर्यंत पैसे आणून ठेवा. नाहीतर मी पोलिसांत अर्ज देतो."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. माझे मालक वाळूजला एका कंपनीत वॉचमन आहेत. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हलवली ना मान? मग आता गप राहा. पोरीचं जमवायचंय अजून, दारात पोलीस आणतीस का?" त्यांचं चुकत नव्हतं. मला तर गप्प राहण्यासारखं सोपं दुसरं काही येतच नव्हतं. पण ते दोन दिवस गल्लीत गाडी थांबली की मला वाटायचं जीप आली. दारावर थाप पडली की मी मोरीत जाऊन उभी राहायचे. मुलगी म्हणाली, "आई, दूधवाला आहे गं." पाची जणी पोलीस ठाण्याच्या बाकावर ओळीनं बसलेल्या मला दिसायच्या, आणि त्यांच्या शेवटी एक जागा रिकामी असायची. खरं बोललं तर ती जागा माझी, नाही बोललं तर त्या पाची निरपराध असून तिथं बसणार.

रविवारी दुपारी लासूरची आमच्या घरी आली. मी दार उघडलं आणि बंद करायला लागले. तिनं चप्पल उंबऱ्याच्या अलीकडं काढली आणि दोन पावलं मागं सरली.

"मावशी, मी भांडाया न्हाई आले."

मी तिला आत घेतलं. ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं.

"सासरी माझ्या सासूनं मला चोर म्हणून काढलं," ती म्हणाली. "त्यांची जोडवी हरवली होती. मागून सापडली बी, त्यांच्याच उशीखाली. पण गावात नाव पडलं ते पडलं. आता दुसऱ्यांदा मला न्हाई सोसायचं ते."

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"तुमाला भ्या वाटतंय ते मला दिसतंय. मला बी वाटतंय. पण आमी किती बी ओरडलो तरी काका आमचं ऐकणार न्हाईत. तुमचं ऐकतील."

ती पाणी प्यायली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. ती गेल्यावर मी मुलीकडून एक कागद मागून घेतला. तोंडानं सांगता येणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून लिहून न्यायचं ठरवलं. चार ओळी लिहायला संध्याकाळ झाली. मालकांना दाखवलं नाही.

सोमवारी सगळ्यांसमोर मी तो कागद काकांच्या टेबलावर ठेवला आणि मागं येऊन भिंतीला टेकले. काकांनी चष्मा लावला. काढला. परत लावला.

"बाई, हे काय लिहिलंय? मला लागत नाही. तुम्हीच वाचा."

कागद परत माझ्या हातात आला. हात इतका हलत होता की मलाही ओळ सापडेना. शेवटी पैठणच्यांनी येऊन कागदाचं दुसरं टोक धरलं आणि मी वाचलं. पैसे कुणी खाल्लेले नाहीत. लोकांनी बोललेले पैसे लिहायला मीच सांगितलं. शुक्रवारी मी खोटी मान हलवली. चूक माझी आहे.

वाचून झाल्यावर मला वाटलं आता काका ओरडतील. ते ओरडले नाहीत, कपाळाला हात लावून बसले, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. मॅडमनी विचारलं, "म्हणजे हे पैसे आलेच नव्हते? अहो मावशी, पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा कागद. ज्याच्याकडं आपलं पांढरं पान आहे, त्यानं पैसे दिले असंच धरलं जातं. उद्या ऑडिटला मी काय सांगू?"

मग त्यांनीच मार्ग काढला. ज्याच्या नावानं पावती आहे त्याच्याकडून पैसे आणायचे. पैसे नसतील तर पांढरं पान परत आणायचं, म्हणजे ती पावती रद्द करता येईल. तीन आठवड्यांत.

"आणि दोन्ही नाही आलं तर?" काकांनी विचारलं.

"माझ्या पगारातून कापा," मी म्हणाले. पगार सात हजार होता. हेही कदाचित मी ते बघणं थांबावं म्हणूनच बोलले असेन. पण मागं घेतलं नाही.

तीन आठवडे आम्ही सहा जणी काम संपवून दारोदार फिरलो. आजवर मी दारात उभी राहायचे ती देवासाठी. आता स्वतःसाठी उभी होते. पण बरीच माणसं चांगली निघाली. एक बाई म्हणाल्या, "अगं, मी विसरलेच होते, थांब," आणि आतून पैसे घेऊन आल्या. एकीनं देव्हाऱ्यात ठेवलेलं पांढरं पान काढून दिलं, "मिस्टरांचं काम सुटलंय, माफ करा," आणि वर आम्हाला चहा पाजला. काहींनी चार चार खेपा घालायला लावल्या. सहाशेची पावती एका आजोबांची होती. ते वारले होते. त्यांच्या सुनेनं सगळी कपाटं शोधली, पण कागद सापडला नाही, आणि तिच्याकडं पैसे मागायचं आमच्यातल्या कुणाला जमलं नाही. दोन हजारांची पावती असलेलं एक भाडेकरू कुटुंब घर सोडून गेलं होतं, कुठं ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

राहिली अकरा हजारांची पावती. ती लासूरचीच्या पुस्तकातली होती, जुन्या शहरातल्या पेठेत एका भांड्यांच्या दुकानदाराची. आम्ही दोघी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा त्यांनी आम्हाला आत बोलावलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, दोन नोकर होते.

"कसले पैसे मागताय तुम्ही?"

लासूरची म्हणाली, "शेठ, तुमी म्हणला होता ना, वडिलांच्या वर्षश्राद्धाला अकरा हजार लिव्ह, पुढच्या आठवड्यात पैशे घेऊन जा."

"म्हणलो असेन. दिले पण असतील." त्यांनी ड्रॉवर उघडून पांढरं पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाचता येतं ना? काय लिहिलंय खाली, वाचा."

"रोख मिळाले," मी वाचलं.

"मोठ्यानं वाचा, ह्यांना पण ऐकू द्या."

"रोख मिळाले."

"सही कुणाची?"

"माझी," लासूरची म्हणाली.

"मग मिळालेच ना. आता परत दारात आलात तर मीच पोलिसांना बोलवीन. देवाच्या नावावर दोनदा वसुली करता?"

नोकर हसले. पोलीस म्हटल्यावर माझे कान बंद झाले. मी लासूरचीचा दंड धरला आणि तिला रस्त्यावर ओढत आणलं. ती रडत होती, "मावशी, ते खोटं बोलतात वो." मला ते माहीत होतं. पण मान मीही खोटी हलवली होती, आणि त्यांच्या हातात तर कागद होता.

तेवीस हजार पाचशेचा हिशेब लागला, पैसे नाहीतर पांढरी पानं. तेरा हजार सहाशे राहिले. काकांनी ते ऑडिटच्या आधी स्वतःच्या खिशातून भरले, आणि माझ्या पगारातून दरमहा आठशे कापून त्यांना द्यायचे असं मॅडमनी लिहून ठेवलं. पोलिसांत अर्ज गेला नाही. पाचही जणी कामावर राहिल्या. काका त्यांना म्हणाले, "माझ्या तोंडून चोर शब्द निघाला, तो मी मागं घेतो." पैठणच्या बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मागं घेतो म्हणं. उधारीनं दिला होता का?" तेव्हा पुष्कळ दिवसांनी मला हसू आलं.

त्यानंतर नव्या बायका आल्या तेव्हा दारात कसं उभं राहायचं ते मी शिकवलं आणि पावतीचं मॅडमनी. मला येत नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगताना आवाज चिरकला.

माझा पगार कापला त्या पहिल्या महिन्यात लासूरचीनं खिडकीत स्वतःच्या पगारातले दोनशे ठेवले. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "पावतीवर सही माझी हाय." मी भांडले, पण माझ्या भांडण्याला कोण भिणार. तेरा महिने असे हजार हजार गेले. मालक पहिले काही महिने बोलले नाहीत, मग एकदा त्यांनीच विचारलं, किती राहिले. प्रत्येक महिन्याच्या सात तारखेला मला वाटायचं की आज मॅडम म्हणतील, मावशी, आणखी एक पुस्तक सापडलंय. त्या सकाळी मला चहासुद्धा जात नसे.

चौदाव्या महिन्यात सहाशे उरले. ते मी लासूरचीला भरू दिले नाहीत, ती गाडीतून उतरायच्या आत खिडकीत जाऊन उभी राहिले. मॅडमनी रजिस्टर उघडलं, आकडा लिहिला, खाली रेघ मारली.

"झाले मावशी. तेरा हजार सहाशे पूर्ण."

"परत एकदा बघा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोर बोट ठेवून पहिल्यापासून बेरीज केली. पूर्ण होते.